बॅरिकचा शेअर खरोखर स्वस्त आहे, की त्याला भावच एवढा मिळायला हवा?

ताळेबंद | २२ जुलै २०२५

नमस्कार. कॅनडातील बॅरिक मायनिंग या कंपनीच्या शेअरविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. मे महिन्यापर्यंत तिचे नाव बॅरिक गोल्ड असे होते. सोने विक्रमी भावाला पोहोचले असताना कंपनीने आपल्या नावातून नेमके सोनेच वगळावे, याची मला गंमत वाटली. पण तांब्याकडे वळण्याचा मानस त्यातून दाखवायचा आहे, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे.

न्यूयॉर्कच्या बाजारात हा शेअर सध्या २१ डॉलरच्या आसपास मिळतो. कंपनीचे सुमारे १७२ कोटी शेअर आहेत, म्हणजे बाजारमूल्य साधारण ३६ अब्ज डॉलर झाले. मालीमधील लुलो-गुनकोतो ही खाण जानेवारीपासून बंद असल्यामुळे ती वगळून कंपनीने यंदा ३१.५ ते ३५ लाख औंस (एक औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम) सोने काढण्याचा अंदाज दिला आहे. खर्चाचा अंदाज औंसामागे १,४६० ते १,५६० डॉलर आहे. मी ३३ लाख औंस आणि १,५५० डॉलर खर्च धरला. सोन्याचा भाव ३,३०० डॉलर धरल्यास औंसामागे १,७५० डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ५.८ अब्ज डॉलर हाती राहायला हवेत. ३६ अब्जांची कंपनी वर्षाला ५.८ अब्ज मिळवत असेल, तर ती सहापट भावाला मिळते आहे, आणि हे मला फारच स्वस्त वाटते.

दुसरा हिशोब ॲग्निको ईगलशी तुलनेचा आहे. तीही कॅनडाचीच कंपनी. तिने २०२४ मध्ये सुमारे ३४.८ लाख औंस सोने काढले, तर बॅरिकने ३९.१ लाख. तरीही ॲग्निकोचे बाजारमूल्य ६० अब्ज डॉलरच्या घरात आहे. साठ्यांच्या बाबतीत तफावत याहून मोठी आहे. बॅरिककडे ८.९ कोटी औंस, ॲग्निकोकडे ५.४ कोटी औंस. जमिनीतल्या प्रत्येक औंसामागे बाजार ॲग्निकोला ११०० डॉलरहून अधिक देतो आणि बॅरिकला जेमतेम ४००.

माझ्याकडे गोल्ड ईटीएफ आधीपासून आहे. एलआरएसच्या, म्हणजे परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या मार्गाने परदेशी शेअरमध्ये जी थोडी रक्कम गुंतवतो, त्यातील काही भाग येथे लावावा का, हा प्रश्न आहे. माली सरकारशी चाललेल्या वादामुळे बाजार घाबरला आहे आणि वाद मिटला की शेअर वर जाईल, असे अनेक ठिकाणी वाचले. पण इतकी सोपी गोष्ट असती तर मोठमोठ्या फंडांनी ती केव्हाच ओळखली असती. माझ्या हिशोबात भोक कोठे आहे, ते कृपया दाखवावे.

नीरक्षीर | २२ जुलै २०२५

भोक पहिल्याच हिशोबात आहे आणि ते मोठे आहे. तुम्ही जो खर्च धरला आहे, तो ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट, म्हणजे खाण आहे तशी चालू ठेवण्याचा खर्च. त्यात प्राप्तिकर येत नाही, व्याज येत नाही, आणि नव्या प्रकल्पांवरचा भांडवली खर्चही येत नाही. नावातील ‘ऑल-इन’ या शब्दाने भल्याभल्यांची दिशाभूल होते.

तुमचेच सूत्र २०२४ ला लावून पाहा. त्या वर्षी कंपनीला औंसामागे सरासरी २,३९७ डॉलर मिळाले आणि हा खर्च १,४८४ डॉलर होता. फरक ९१३ डॉलर, ३९.१ लाख औंसांनी गुणल्यास सुमारे ३.५७ अब्ज डॉलर. शिवाय तांब्याचे उत्पन्न वेगळे. प्रत्यक्षात त्या वर्षी मोकळा रोखप्रवाह, म्हणजे सगळा खर्च आणि भांडवली गुंतवणूक भागवून उरलेली रोकड, किती झाला? १.३२ अब्ज डॉलर. आणि तोही अमेरिकेतील नेवाडा व डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएब्लो व्हिएहो येथील खाणींतली भागीदार कंपनी न्यूमाँट हिचा वाटा देण्याआधीचा आकडा आहे. सूत्राने दाखवलेल्या शंभर रुपयांपैकी चाळीस रुपयेसुद्धा शिल्लक राहिले नाहीत.

यंदाचा अंदाज करताना मी २०२४ च्या प्रत्यक्ष आकड्यापासून सुरुवात करतो. भाव औंसामागे ९०० डॉलरने वाढला, ३३ लाख औंसांवर त्याचे सुमारे तीन अब्ज होतात. त्यातील साधारण एक तृतीयांश कर आणि रॉयल्टीत (खनिजावरील हक्कशुल्कात) जाईल असे धरा. मालीचे गेलेले उत्पन्न वजा करा. मोकळा रोखप्रवाह अडीच ते तीन अब्ज डॉलरच्या दरम्यान येतो. म्हणजे भाव सहापट नसून बारा ते चौदापट आहे. हेही महाग म्हणता येणार नाही, पण डोळे विस्फारण्यासारखे त्यात काही राहत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. तुम्ही एकूण औंस मोजले. गुंतवणूकदाराने एका शेअरमागचे औंस मोजावेत. २०११ मध्ये बॅरिकने ७७ लाख औंस सोने काढले होते आणि शेअर होते सुमारे १०० कोटी. हजार शेअरमागे ७.७ औंस. २०२४ मध्ये ३९.१ लाख औंस आणि सरासरी १७५ कोटी शेअर, म्हणजे हजार शेअरमागे सव्वादोन औंसही नाहीत. साठ्यांचेही तसेच. तेव्हा १४ कोटी औंस, म्हणजे हजार शेअरमागे १४०; आता ५१. सोन्याचा भाव २०११ च्या सरासरीच्या दुपटीहून अधिक झाला तरी शेअर तेव्हाच्या ५५ डॉलरवरून २१ वर का आला, याचे बरेचसे उत्तर या भागाकारात आहे. भाव दुप्पट, शेअरमागील सोने एक तृतीयांशाहून कमी. गुणाकार तुम्हीच करून पाहा.

हे कसे घडले, तेही थोडक्यात सांगतो, कारण यातील कोणतीही गोष्ट नशिबाने झालेली नाही. २००९ मध्ये पूर्वी कमी भावाला करून ठेवलेले सोन्याचे हेजिंगचे करार सोडवण्यासाठी कंपनीने शेअर विकले. २०११ मध्ये, तेजीच्या शिखरावर, इक्विनॉक्स ही तांब्याची कंपनी सात अब्जांहून अधिक कॅनेडियन डॉलर मोजून घेतली. चिली आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर अँडीज पर्वतात पास्कुआ-लामा ही खाण सुमारे तीन अब्जांत होईल असे सांगितले होते. अंदाज साडेआठ अब्जांपर्यंत गेला, हिमनद्या आणि पाण्याच्या प्रश्नावरून चिलीच्या यंत्रणांनी काम थांबवले, आणि २०१३ च्या एकाच तिमाहीत त्या प्रकल्पापोटी ५.१ अब्ज डॉलर निर्लेखित करावे, म्हणजे बुडीत धरून हिशोबातून काढावे लागले. कर्ज फेडण्यासाठी त्याच वर्षाच्या शेवटी १८.३५ डॉलरच्या भावाने आणखी तीन अब्जांचे शेअर विकले. मग चांगल्या खाणी विकल्या. २०१९ मध्ये आफ्रिकेत खाणी असलेल्या रँडगोल्ड कंपनीचे विलीनीकरण शेअर देऊन झाले आणि त्याबरोबरच लुलो-गुनकोतो पदरात पडली.

ॲग्निकोचे पाहा. २०११ मध्ये सुमारे ९.८५ लाख औंस आणि १७ कोटी शेअर, हजार शेअरमागे ५.८ औंस. २०२४ मध्ये सुमारे ५० कोटी शेअर, पण हजारामागे ७ औंस. शेअर त्यांनीही वाटले, कर्कलँड लेक या सोन्याच्या कंपनीचे विलीनीकरणही शेअर देऊनच झाले. मात्र जे घेतले ते दिलेल्या शेअरच्या तोलाचे होते. बाजार ॲग्निकोला अधिक भाव देतो, तो याचा.

ओंटारिओकर | २३ जुलै २०२५

नीरक्षीर यांच्याशी बव्हंशी सहमत. मालीच्या बाबतीत थोडी भर घालतो, कारण इकडच्या वर्तमानपत्रांत हा विषय वर्षभर गाजतो आहे.

लुलो-गुनकोतोमध्ये बॅरिकचे ८० टक्के आणि माली सरकारचे २० टक्के आहेत. तेथील लष्करी राजवटीने २०२३ मध्ये नवा खाण कायदा केला, ज्यानुसार सरकार आणि स्थानिक गुंतवणूकदार मिळून ३५ टक्क्यांपर्यंत वाटा घेऊ शकतात. बी-टू-गोल्ड या दुसऱ्या खाण कंपनीने सरकारशी समझोता केला. ऑस्ट्रेलियाच्या रेझोल्यूट या खाण कंपनीचे मुख्याधिकारी बोलणी करायला राजधानी बामाकोला गेले असता त्यांनाच अटकेत टाकले, आणि १६ कोटी डॉलर देण्याचे कबूल केल्यावर ती कंपनी सुटली. बॅरिकने मात्र जुन्या करारावर बोट ठेवून आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. तिचे चार कर्मचारी नोव्हेंबरपासून तुरुंगात आहेत. मुख्याधिकारी मार्क ब्रिस्टो यांच्या नावे वॉरंट निघाले. जानेवारीत सरकारने खाणीवरचे सुमारे तीन टन सोने हेलिकॉप्टरने उचलून नेले, त्यानंतर कंपनीने काम बंद केले. गेल्या महिन्यात तेथील न्यायालयाने खाण सहा महिन्यांसाठी तात्पुरत्या प्रशासकाच्या ताब्यात दिली. लुलोच्या परवान्याची मुदत येत्या फेब्रुवारीत, २०२६ मध्ये, संपते. वेळ कोणाच्या बाजूने आहे, हे यावरून समजावे.

पण ‘वाद मिटला की शेअर वर जाईल’ या वाक्याचा हिशोब करू. गेल्या वर्षी या खाणीतून बॅरिकच्या वाट्याला सुमारे ५.८ लाख औंस आले. आजच्या भावाने करपूर्व सुमारे एक अब्ज डॉलर वर्षाला. सरकारचा वाटा, कर आणि तेथील जोखीम लक्षात घेता तिची किंमत तीन ते पाच अब्जांहून अधिक धरणे मला धाडसाचे वाटते. शेअरमागे दोन ते तीन डॉलर. बाजार आज तिला शून्य मोजतो असे मानले, तरी ती पूर्ण परत मिळाल्याने २१ चे २४ होतील. ॲग्निकोइतका भाव मिळण्यासाठी माली अपुरे आहे.

उलट मला रेको डिक अधिक सतावते. पाकिस्तानातील बलुचिस्तानात तांबे-सोन्याचा हा प्रकल्प आहे, बॅरिकचे ५० टक्के, उरलेले तेथील केंद्र सरकारच्या कंपन्या आणि प्रांत यांचे निम्मे-निम्मे. पहिल्या टप्प्याचाच खर्च साडेपाच अब्जांच्या पुढे आहे. ‘ताळेबंद’ यांनी जे ८.९ कोटी औंस मोजले, त्यातले १.३ कोटी औंस रेको डिकचे आहेत आणि ते गेल्याच वर्षी साठ्यात जमा झाले. याच प्रकल्पाचा परवाना २०११ मध्ये नाकारला गेला, २०१९ मध्ये लवादाने पाकिस्तानला ५.८ अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितले, आणि २०२२ मध्ये तडजोड होऊन बॅरिक पुन्हा तेथेच गेली. मालीत हात पोळलेल्या व्यवस्थापनाने पुढची मोठी रक्कम बलुचिस्तानात गुंतवावी, हे पाहून इकडचे अनेक फंड व्यवस्थापक डोके खाजवतात. भारतात बसून हा शेअर घेणाऱ्याने तर तेथील सुरक्षेच्या बातम्या कोणत्या चष्म्यातून वाचायच्या, याचाही विचार आधीच करावा.

भूस्तर | २३ जुलै २०२५

शेअर बाजारातील माझी समज बेताचीच आहे. खाणीतील मात्र बऱ्यापैकी आहे. म्हणून जमिनीखालच्या गोष्टींपुरते लिहितो.

‘साठा’ हा शब्द बाहेरचे लोक गोदामातील मालासारखा वापरतात. साठा म्हणजे ठरावीक भावाला काढणे परवडेल असा खडक. बॅरिकने २०२४ अखेरचा सोन्याचा साठा मोजताना भाव १,४०० डॉलर धरला आहे. आजचा भाव ३,३०० असताना हे फारच सावध वाटेल, आणि एका अर्थाने ते आहेही. भाव वाढवून धरला की आकडा वाढेल. पण वाढलेला भाग हलक्या प्रतीचा असतो. ज्या खडकात टनाला दीड ग्रॅम सोने असल्यामुळे तो काल बाजूला टाकला जात होता, तो आज गिरणीत जातो. गिरणीची क्षमता तेवढीच, टन तेवढेच, निघणारे सोने कमी. त्यामुळे तेजीत औंसामागचा खर्च चढतो. यात कोणाचा आळस नसतो; खाणीचे अर्थशास्त्रच तसे आहे. त्यातच रॉयल्टी विक्रीच्या रकमेवर द्यायची असल्यामुळे तीही भावाबरोबर वाढते. यंदाच्या पहिल्या तिमाहीत बॅरिकचा हा खर्च १,७७५ डॉलरवर गेला होता. भाव वाढला तर सगळा फायदा शेअरधारकाला, हे गणित म्हणूनच कागदावर राहते.

आपल्याकडचे उलट उदाहरण कोलारचे. २८ फेब्रुवारी २००१ ला ती खाण बंद झाली, तेव्हा खाली सोने संपले होते असे नाही. तीन किलोमीटरहून अधिक खोलीवरून ते वर आणायला जो खर्च येत होता, त्यापुढे तेव्हाचा औंसामागे पावणेतीनशे डॉलरच्या आतला भाव टिकला नाही. त्या दिवशी कोलारच्या खडकातले सोने साठ्यातून वजा झाले, खडक जागेवरच राहिला.

आता नेवाडा. बॅरिकची खरी किंमत तेथे आहे, आणि चर्चेत तिचे नाव अजून नीट आलेलेच नाही. नेवाडा गोल्ड माइन्स हा न्यूमाँटबरोबरचा संयुक्त उपक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, बॅरिकचा वाटा ६१.५ टक्के. कार्लिन, कॉर्टेझ, टर्क्वॉइज रिज अशी मातब्बर नावे त्यात आहेत. तेथील बरेचसे सोने डोळ्यांना दिसत नाही. ते पायराइटच्या कणांत अडकलेले असते, काही ठिकाणी खडकात कार्बन असतो आणि सायनाइडने विरघळवलेले सोने तो पुन्हा शोषून घेतो. त्यामुळे असा खडक आधी भट्टीत भाजावा लागतो किंवा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उच्च दाबाच्या प्रचंड भांड्यांत, प्राणवायू सोडून शिजवावा लागतो. ही यंत्रणा उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. ती हाताशी असणे ही बॅरिकची मोठी ताकद आहे. परंतु ती जुनी होते, दुरुस्तीसाठी थांबते, आणि एक भट्टी महिनाभर थांबली की तिमाहीचा निकाल बिघडतो. २०२० मध्ये नेवाडातून बॅरिकच्या वाट्याला सुमारे २१.३ लाख औंस येत होते, गेल्या वर्षी साधारण १६.५ लाख. माली जानेवारीत बंद पडले. ही घसरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. मला विचाराल तर शेअर पडून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे, आणि मालीच्या बातम्यांच्या गदारोळात ते झाकले गेले.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएब्लो व्हिएहोचेही दुखणे याच जातीचे. विस्तार झाला, पण खडकातून जितके सोने वसूल होईल असे सांगितले होते, तितके होत नाही.

जमेची बाजूही सांगायला हवी. कॉर्टेझच्या शेजारी फोरमाइल नावाची जागा आहे, जी संयुक्त उपक्रमाच्या बाहेर असून पूर्ण बॅरिकची आहे. तेथे तपासणीसाठी आतापर्यंत घेतलेल्या भोकांत टनाला दहा ग्रॅमहून अधिक प्रत लागते आहे. भूमिगत खाणीत आजच्या काळात ही प्रत म्हणजे चैन आहे. मात्र तेथील बहुतांश सोने अजून ‘अनुमानित’ वर्गात आहे. भोके एकमेकांपासून दूर घेतलेली असतात, मधल्या जागेत काय असेल हे भूशास्त्रज्ञ अनुभवाने ताडतो. त्या वर्गावर बँक कर्ज देत नाही. साठ्याच्या ८.९ कोटींत फोरमाइलचा एक औंसही नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

बंद खाणीविषयी एक सूचना. लुलो-गुनकोतोत भूमिगत कामे मोठी आहेत आणि पश्चिम मालीत सध्या पावसाळा आहे. उत्पादन थांबले तरी पंप थांबवता येत नाहीत. हवा खेळती ठेवावी लागते, छताचे आधार पाहत राहावे लागतात. अनुभवी माणसे पांगली की नुसती यंत्रे परत मिळून भागत नाही. उद्या समझोता झाला तरी पूर्ववत उत्पादनाला काही महिने सहज लागतील.

चक्रवाढ | २४ जुलै २०२५

एवढे सगळे वाचून मला तरी ईटीएफच बरा वाटतो. सोन्याला ना लष्करी राजवट अटक करत, ना त्याची भट्टी दुरुस्तीला जाते. तरीही खाणींमध्ये उतरायचेच असेल तर डीएसपीचा वर्ल्ड गोल्ड फंड आहे, तो ब्लॅकरॉकच्या फंडामार्फत बऱ्याच कंपन्यांत पैसे ठेवतो. एका ब्रिस्टोंवर भिस्त राहत नाही.

थेट शेअर घेणार असाल तर कराचे पाहून घ्या. एलआरएसमध्ये वर्षाला दहा लाखांवर रक्कम गेली की वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच घ्यायचा कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना परत मिळतो पण तोवर अडकतो. बॅरिक अमेरिकेच्या बाजारात मिळत असली तरी कंपनी कॅनडाची आहे. लाभांशावर कॅनडा २५ टक्के कापतो आणि भारत-कॅनडा करारातही छोट्या गुंतवणूकदाराला तोच दर आहे. त्याचे श्रेय, म्हणजे येथील करात तेवढी सूट, घेण्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद विसरू नका, तेथील दंड शेअरच्या नफ्याहून मोठा होऊ शकतो.

ताळेबंद | २५ जुलै २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नीरक्षीर यांचा शेअरमागील औंसांचा हिशोब मी ॲग्निको, बॅरिक आणि न्यूमाँट तिघांसाठी करून पाहिला. न्यूक्रेस्ट ही ऑस्ट्रेलियाची सोन्याची कंपनी घेतल्यानंतरचे न्यूमाँटचे आकडे पाहून तेथेही शेअर वाटण्याची किंमत दिसते.

तरीही एक शंका उरते. इतिहास वाईट होता हे मान्य. पण २१ डॉलर हा भाव त्या इतिहासाचाच आहे ना? गेल्या फेब्रुवारीत कंपनीने एक अब्ज डॉलरच्या बायबॅकला, म्हणजे स्वतःचे शेअर परत विकत घेण्याला मंजुरी दिली आहे. अलास्कातील डॉनलिन प्रकल्पातील निम्मा हिस्सा विकून एक अब्ज मिळवले आहेत. निव्वळ कर्ज २०२४ अखेर एक अब्जाच्याही आत होते. २०१३ मध्ये जी कंपनी कर्ज फेडण्यासाठी १८ डॉलरला शेअर विकत होती, तीच आता २० डॉलरला शेअर परत घेत असेल, तर शेअरमागील औंसांचा आकडा यापुढे सुधारायला नको का?

नीरक्षीर | २५ जुलै २०२५

प्रश्न रास्त आहे. शेअर कमी होत असतील आणि औंस टिकून राहत असतील, तर होय. पण एक अब्जाच्या बायबॅकने २१ च्या भावात पावणेपाच कोटी शेअर कमी होतात, एकूण शेअरच्या तीन टक्क्यांहून कमी. भूस्तर यांनी दाखवलेली नेवाडाची घसरण चार वर्षांत बावीस टक्क्यांहून अधिक आहे. बायबॅक चांगलाच आहे. तो या वेगाने घसरणीला गाठू शकत नाही, एवढेच.

माझ्या दृष्टीने हा शेअर थोडा स्वस्त आहे. वीस-पंचवीस टक्के म्हणा. तुम्हाला जी पावणेतीनपट तफावत दिसत होती, तिच्यातला मोठा भाग वाजवी आहे. आणि तफावत भरून निघायची तर दोन गोष्टींपैकी एक घडावी लागेल. नेवाडा सुधारावे, किंवा नेवाडा आणि माली-बलुचिस्तान यांची किंमत बाजाराला वेगवेगळी लावता यावी. आज तिघांची मोट एकत्र बांधलेली आहे आणि बाजार सर्वांत धोकादायक भागाचा दर सगळ्याला लावतो.

ओंटारिओकर | २ डिसेंबर २०२५

चर्चा जुनी आहे, पण घटना तशाच घडल्या म्हणून वर आणतो. सप्टेंबरच्या अखेरीस ब्रिस्टो अचानक पायउतार झाले आणि मार्क हिल हंगामी मुख्याधिकारी झाले. २४ नोव्हेंबरला मालीशी समझोता जाहीर झाला. खाण परत मिळणार, कर्मचाऱ्यांवरील आरोप मागे घेतले जाणार, कंपनी लवादातून माघार घेणार, परवान्याला दहा वर्षांची मुदतवाढ. आणि वृत्तसंस्थांच्या म्हणण्यानुसार कंपनी २४४ अब्ज सीएफए फ्रँक (मालीचे चलन), म्हणजे सुमारे ४३ कोटी डॉलर देणार. काल संचालक मंडळाने नेवाडा, पुएब्लो व्हिएहो आणि फोरमाइल यांची वेगळी कंपनी करून तिचा काही हिस्सा शेअर बाजारात आणण्याची शक्यता तपासायला मान्यता दिली. शेअर ४० डॉलरच्या वर आहे. ताळेबंद, आपण घेतला होता का?

ताळेबंद | ३ डिसेंबर २०२५

ऑगस्टमध्ये थोडा घेतला होता, ठरवले होते त्याच्या निम्म्या रकमेचा. तिमाही निकालात मालीपोटी एक अब्जाहून थोडा अधिक तोटा दाखवून कंपनीने ती खाण हिशोबातून वेगळी केली, त्यानंतर घेतला. वाढ झाली त्यात सोन्याचा वाटा किती आणि बॅरिकचा स्वतःचा किती, हे मला अजून नीट सोडवता आलेले नाही. ३,३०० वरून सोने ४,२०० च्या आसपास गेले आहे आणि ॲग्निकोही बरीच वर आहे.

नीरक्षीर | ३ डिसेंबर २०२५

ढोबळमानाने सोडवता येते. ॲग्निको या काळात १२० वरून १७० च्या पुढे गेली, चाळीस टक्क्यांच्या वर. बॅरिकही तितकीच वाढली असती तर आज ३० डॉलरला असती. वरचे दहा डॉलर तफावत भरल्याचे. त्यातले दोन-तीन मालीचे, ओंटारिओकर यांनी जुलैत मोजले होते तेवढेच; बाकी नेतृत्वबदल आणि विभाजनाच्या आशेचे. हा शेवटचा भाग अजून प्रत्यक्षात आलेला नाही, भावात मात्र आलेला आहे. जुलैत जी सूट तुम्हाला मिळत होती, ती आता राहिली नाही.

भूस्तर | ४ डिसेंबर २०२५

फेब्रुवारीत वर्षअखेरचा साठ्याचा तक्ता येईल. त्यात सोन्याचा भाव किती धरला आहे, ते आधी पाहा. १,४०० च्या वर नेला असेल तर वाढलेल्या औंसांतले किती निव्वळ भावामुळे आले ते वेगळे काढा. नंतर फोरमाइलचे किती औंस अनुमानितमधून वरच्या वर्गात गेले ते, आणि पुएब्लो व्हिएहोची वसुली. मालीचे उत्पादन पहिल्या सहामाहीत पूर्ववत होईल असे कोणी सांगितले, तर मी थोडा थांबून विश्वास ठेवीन.